औषध थांबले तरी जंतू विसरत नाही

टी.बी.च्या गोळ्यांनी महिना-दोन महिन्यांत खोकला थांबतो, अन् आपली माणसे तिथेच कोर्स सोडतात. रोजंदारी बुडते, हे आम्ही जाणतो. पण उरलेल्या जंतूंत औषधाला दाद न देणारे वाढतात. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीतही तेच दिसले. म्हणून तर आज चार औषधे एकत्र देतात.

औषध काही काळ बंद ठेवले की जंतू पुन्हा नरमेल, असे आम्हांला वाटे. तसा भरवसा नाही. औषधाला तोंड देणारा बदल जंतूला आधी जड जातो, वाढ मंदावते. पण पुष्कळदा दुसरा बदल होऊन ती उणीव भरून निघते. असा जंतू घरातल्या लेकराला लागला, तर एकही गोळी न खाता त्याचा आजार पहिल्या दिवसापासून निर्ढावलेला. रिफाम्पिसिन चालते की नाही, हे थुंकीच्या तपासणीत कळते. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.