गाडीच्या खोलीला दार किती फुटांचे?

चार पैसे हातात आले की हल्ली गावात पहिली कुदळ पडते ती गाडीच्या खोलीसाठी. कोणी ट्रॅक्टरवर पत्र्याची शेड घालतो, तर कोणी मुंबईच्या मुलाने घेतलेल्या गाडीसाठी घराच्या कडेला पक्की खोली काढतो. गवंडी विचारतो, "मालक, दार किती फुटांचं ठेवू?" आणि मालक ओट्यावर बसल्या बसल्या सांगतो, "ठेव की सात-आठ फूट." झाले! त्या एका वाक्यात पुढच्या तीस वर्षांचा निकाल लागतो. पत्रा बदलता येतो, गिलावा नवा करता येतो. पण दाराची रुंदी एकदा भिंतीत बसली की ती वाढवताना खांब, तुळई आणि खिसा या तिघांशी एकदम झगडावे लागते.

हे मी वाचून सांगत नाही. मुलुंडला आमच्या थोरल्या अक्काच्या घरी जे पाहिले ते सांगतो.

दाजींच्या वडिलांनी मुलुंड पश्चिमेला दुमजली घर बांधले तेव्हा खाली गाडीसाठी खोली ठेवली. त्या काळी मध्यमवर्गाची गाडी म्हणजे फियाट. त्याच रेल्वेमार्गावर कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना होता, तिथे ती तयार व्हायची. १९७४ पासून तिला प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तुम्हीही कधी ना कधी बसला असाल. त्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला. तर या फियाटची रुंदी होती १.४६ मीटर, म्हणजे सुमारे ४ फूट साडेनऊ इंच. वडिलांनी भिंतीत साडेसात फुटांचे दार सोडले. फियाटसाठी ते ऐसपैस होते. पुढे घरात मारुती ८०० आली. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आली आणि रुंदीला फियाटहूनही किंचित कमी होती. दाराबद्दल कोणाची तक्रार निघण्याचे कारणच नव्हते.

२०१३ मध्ये दाजींनी बोलेरो घेतली. गावचा रस्ता खराब, आईला नेण्या-आणण्यासाठी उंच गाडी बरी, असा हिशेब. बोलेरोची रुंदी १.७४५ मीटर, म्हणजे ५ फूट ९ इंचाला जेमतेम कमी. साडेसात फुटांच्या दारातून ती सहज जाईल असे तुम्हालाही वाटेल. पण दार होते ओढायचे, लोखंडी जाळीचे, ज्याला मुंबईत चॅनेल गेट म्हणतात. ते उघडले तरी दुमडून एका कडेला उभे राहतेच, आणि त्यात फूटभर रुंदी जाते. हाती राहिले साडेसहा फूट. आरसे मिटवून गाडी आत घ्यायची, दोन्ही अंगांना चार-साडेचार इंच. दाजींचा हात बसला होता, त्यामुळे गाडीला कधी खरचटले नाही. मात्र आत गेल्यावर एकाच बाजूचे दार अर्धे उघडायचे. म्हणून बाकीच्यांना आधी बाहेर रस्त्यावर उतरवायचे आणि मग गाडी आत ढकलायची, असा रिवाज पडला.

आमची आई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची होती. गुडघे गेलेले. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "जावईबापू, हे गाडीचं घर केलंय की गाडीच्या मापाची पेटी?" सगळे हसले. पुढच्या जुलैत एका रात्री धो धो पाऊस चालू होता. अक्का म्हणाली, "आई, तू इथंच उतर गं, हे गाडी आत घेतील." आईने फुटपाथच्या ओल्या फरशीवर पाय ठेवला आणि ती बसकन खाली आली. उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात गळ्यात होता, आणि त्या वयात मोडलेले हाड पूर्वीसारखे कुठून व्हायचे! पुढे तिला भाकरी थापता आली नाही.

त्यानंतर दाजींनी दार रुंद करायचे मनावर घेतले. इंजिनिअर आला, त्याने हातोडीने गिलावा उकरून पाहिला आणि सांगितले की ही नुसती भिंत नव्हे, कडेचा खांब वरचे मजले पेलून उभा आहे, त्याला हात लावायचा नाही. आज त्या खोलीत स्कूटर, दोन सायकली आणि आम्ही पाठवलेली तांदळाची पोती असतात. बोलेरो बाहेर रस्त्यावर.

आता तुमच्या दाराकडे वळू. कंपनीच्या पत्रकात गाडीची जी रुंदी छापलेली असते ती बहुधा आरसे सोडून असते. दोन्ही आरसे उघडे धरले तर आठ-दहा इंच वाढतात. म्हणजे बोलेरोसारखी गाडी साडेसहा फुटांची झाली. दोन्ही बाजूंना निदान एकेक फूट मोकळे हवे, म्हणजे साडेआठ. इनोव्हा क्रिस्टासारखी गाडी मुळातच सहा फुटांची. तेव्हा आजची कुठलीही घरगुती गाडी असो, मोकळे दार नऊ फुटांचे धरा. अमेरिकेत घरोघरी गॅरेज असते. तिथेही एका गाडीच्या दाराचे माप आठ किंवा नऊ फूट रुंद आणि सात फूट उंच असेच रुळले आहे, आणि दोन गाड्यांसाठी सोळा फूट. मुंबई महापालिकेच्या नियमात मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब जागा, म्हणजे सव्वाआठ बाय अठरा फूट धरलेली असते. काही जागा २.३ बाय ४.५ मीटरच्या चालतात. पण हे माप गाडी उभी करण्याच्या जागेचे झाले. दोन्ही कडांना भिंती आल्या की तेवढ्यात दारे उघडून माणसे उतरत नाहीत. खोली आतून दहा-अकरा फूट रुंद असलेली बरी.

'मोकळे' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. गवंडी सांगतो ते भिंतीतले माप. त्यातून चौकट जाते, शटरच्या दोन्ही कडेच्या पट्ट्या जातात, चॅनेल गेटची घडी जाते. दार पूर्ण उघडल्यावर टेपला जे येते ते खरे.

ट्रॅक्टरवाल्यांनी तर गाडीच्या मापावर जाऊच नये. ट्रॅक्टर स्वतः साडेपाच-सहा फुटांचा असतो, पण मागे सहा फुटी रोटाव्हेटर लावला की तो चाकांच्या बाहेर डोकावतो. भातवाल्यांच्या चिखलणीच्या लोखंडी चाकांनी तो आणखी पसरतो. दहा फुटांखाली जाऊ नका. ट्रॉली मागे रेटत आत घालायची असेल तर बाराच ठेवा. उलटी जाणारी ट्रॉली सरळ कधीच जात नाही, हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता.

शिवाय दारासमोर वळायला जागा किती आहे? घाटकोपर-अंधेरीच्या जुन्या गल्ल्यांत दार पुरेसे असूनही गाडी आत जात नाही, कारण बोळच दहा-बारा फुटांची. गाडी सरळ येऊन आत जात असेल तर नऊ फूट पुरतात. तिला दाराशी काटकोनात वळावे लागत असेल तर एक-दोन फूट वाढवा, किंवा दार बोळीपासून थोडे मागे घ्या. हे कागदावर कळत नाही. अंगणात चुन्याने खोली आखा, दाराच्या जागी दोन बांबू रोवा आणि गाडी आत-बाहेर करून पाहा. एकदा दिवसा आणि एकदा रात्री. मग घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला मागच्या सीटवरून उतरायला सांगा. बांबू हलवायला पैसे पडत नाहीत.

उंचीच्या बाबतीत मात्र मीच फसलो. दाजींचा किस्सा डोळ्यांपुढे होता, म्हणून आमच्या शेडचे दार मी ऐटीत दहा फूट रुंद ठेवले. उंची नऊ फूट. शटर बसवणाऱ्याने त्याचा गुंडाळा तुळईच्या खाली बसवला, त्यात सव्वा फूट गेला. वर जमिनीवर चार इंचांचा कोबा घातला, तोही उंचीतूनच वजा. पहिल्याच दिवशी ट्रॅक्टरच्या हुडाचा कोपरा शटरच्या डब्याला अडकला आणि दाजी, जे नेमके त्या दिवशी गावी आले होते, पोट धरून हसले. शेवटी शटर उतरवून गुंडाळा आतल्या अंगाने तुळईच्या वर चढवला. पत्र्याची शेड उंच होती म्हणून ते जमले. स्लॅब असती तर तेही जमले नसते. तेव्हा शटरवाल्याला भिंत बांधण्याच्या आधी बोलवा, नंतर नव्हे. मोटारीला सात फूट मोकळी उंची चालते, पण बोलेरो मुळात ६ फूट २ इंच आहे, आणि वर कॅरिअर व त्यावर आंब्याच्या पेट्या आल्या की आठ फूट लागतात. ट्रॅक्टरचे हूड आणि धुराचे नळकांडे आपापले मोजा आणि वर दीड फूट सोडा.

दाराचा प्रकार कोणता, यावर फार डोके शिणवू नका. दोन झडपांचे लोखंडी दार स्वस्त पडते, लोहार गावातच मिळतो. पण नऊ फुटांच्या दाराची झडप साडेचार फुटांची होते, ती बिजागरीवर लोंबकळते आणि तिला उघडायला बाहेर तेवढी जागा लागते. आत उघडणारी ठेवली तर गाडीची लांबी खाते. शटर जागा खात नाही, पण त्याच्या स्प्रिंगला हौशी माणसाने हात लावू नये; ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोटे जातात. आणि दार कसलेही असो, ते बंद करून आत इंजिन चालू ठेवू नका. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

उंबऱ्याचेही बघा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्या दिवशी उपनगरांत रस्त्याच्या पातळीला असलेल्या किती गॅरेजांत पाणी शिरले असेल त्याची गणती नाही. आपल्याकडे एवढा पडत नसला तरी खोलीची जमीन अंगणापेक्षा सहा इंच उंच घ्या आणि दारापुढे बाहेरच्या बाजूला उतार द्या. उतार मात्र दाराच्या पुढे संपवा; चढावर गाडीचे नाक वर जाते, आणि उंचीचा सगळा हिशेब बिघडतो.

आता, ज्यांची मुले मुंबईला आहेत त्यांच्यासाठी. गावाकडचे पैसे बोरिवली-मुलुंडच्या फ्लॅटमध्ये जातात आणि बिल्डर सांगतो, "गॅरेजचे वेगळे द्यावे लागतील." गॅरेज कशाला म्हणायचे यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलेले आहे, आणि तेही बोरिवलीच्या पुढच्याच स्टेशनावरचे. दहिसर पूर्वेच्या पांचाली सोसायटीत इमारत खांबांवर उचलून खाली जी मोकळी जागा सोडली होती, म्हणजे मुंबईकर ज्याला स्टिल्ट म्हणतात, तिच्यातल्या पंचवीस पार्किंगच्या जागा आपल्या मालकीच्या आहेत, असे बिल्डरचे म्हणणे होते. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्यायालयाने सांगितले की स्टिल्टखालची जागा म्हणजे गॅरेज नव्हे, आणि ती सुटी विकता येत नाही. २०१६ च्या रेरा कायद्यातही गॅरेजची व्याख्या आहे: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती. उघड्या जागेला गॅरेज म्हणता येत नाही. कोणी "स्टिल्टखाली शटर लावून खोली करून देतो" म्हणाला तर मंजूर नकाशा मागा. त्यात ती जागा मोकळी दाखवलेली असेल तर ते शटर उद्या महापालिका काढायला लावील आणि तुमचे पैसे त्याच्याबरोबर जातील.

एक चांगली गोष्ट अलीकडे झाली. पार्किंग दिले, पण मध्ये तुळई येते, खांब येतो, गाडीचे दारच उघडत नाही, अशा तक्रारी वाढल्या तेव्हा महारेराने एप्रिल २०२४ मध्ये आदेश काढला. पार्किंगचा क्रमांक, नेमकी जागा आणि लांबी, रुंदी, उंची ही सगळी मापे नोंदणीपत्राला व करारपत्राला जोडली पाहिजेत. शेतकऱ्याच्या पोराने हा कागद मागायला लाजू नये. सातबारा बघितल्याशिवाय आपण जमीन घेतो का?

आमच्या भाच्याने यंदा बोरिवलीला घर पाहिले आहे. त्यात आमच्या कांद्याच्या दोन हंगामांचे पैसे जायचे आहेत, म्हणून मीही बरोबर गेलो. दाजींनी खिशातून टेप काढला. बिल्डरच्या माणसाने पत्रकावर सव्वाआठ फूट दाखवले होते. दोन खांबांच्या मध्ये भरले सात फूट दहा इंच. तो म्हणाला, "साहेब, गाडी आरामात बसते." दाजी म्हणाले, "बसते हो. उतरायचं कसं, ते सांगा. आणि हे माप करारावर लिहून द्या." लिहून देतो म्हणाला. त्याला तीन आठवडे झाले. कागद अजून आलेला नाही, आणि विसाराचे पैसे आमच्याच पेटीत आहेत.