घरची तालीम

बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराची कीर्ती प्रा. माणिकराव यांनी दूरवर नेली; पण जोर-बैठकांना आखाडाच हवा असे नाही. हवेशीर कोपरा, न घसरणारी चटई व हलक्या मुद्गलांची जोडी एवढ्यावर भागते. (आरसा केवळ हौसेचा!) मुद्गल फिरविण्यापूर्वी मात्र डोक्यावरचा पंखा अवश्य पाहावा.

खरा धोका उतावळेपणाचा. पहिल्याच दिवशी पन्नास बैठका मारणाऱ्याच्या मांड्या अशा भरून येतात, की जिना उतरणेही नकोसे होते. जोर काढताना श्वास कोंडला तर रक्तदाब एकाएकी चढतो. म्हणून अंग वर उचलताना श्वास सोडावा. रक्तदाबाच्या रोग्याने डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा. छातीत कळ किंवा घेरी आल्यास ठरलेला आकडा पुरा करण्याच्या हट्टास न पडता तेथेच थांबावे व तातडीने डॉक्टर गाठावा.