अजिंठ्याच्या चित्रांवरील पिवळा थर
विहाराच्या सहलीत आम्ही अजिंठ्याला गेलो. पहिल्या लेण्यात पद्मपाणीला बोट लावायला एका मुलाने हात उचलला. आम्ही तो धरला. हे रंग दगडावर नाहीत, माती-भुशाच्या गिलाव्यावर आहेत.

निजाम सरकारने १९२० साली इटलीहून दोन तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटलेले पोपडे बसवले, हे उपकारच. पण वरून लाखेचा हात दिला, सुतार लाकडाला पॉलिश मारतात तसा! तो थर पुढे पिवळा पडला, चित्रे झाकोळली. नंतर पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो औषध लावून थोडाथोडा काढावा लागला.

दहाव्या लेण्यात १८१९ साली आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने कोरलेले नाव मात्र आजही आहे.

गर्दीच्या श्वासाची वाफही चित्रांना बाधते, असे आम्ही त्या मुलाला सांगितले. बाहेर येईपर्यंत त्याने तोंडावरचा रुमाल काढला नाही.