शिरपूरचा अंतरिक्ष पार्श्वनाथ
मालेगाव तालुक्यातलं शिरपूर हे जैनांचं जुनं तीर्थ. एल नावाच्या राजाला सापडलेली पार्श्वनाथांची मूर्ती इथे येऊन अधांतरी थांबली, ही पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. तिच्याखालून कापड सरकवता येतं, असं सांगतात. गावाबाहेरचं दगडी पवळी मंदिरही आवर्जून पाहावं.

जैनांच्या दिगंबर आणि श्वेतांबर, दोन्ही पंथांचं हे दैवत. १९०५ मध्ये पूजेच्या वेळा वाटून घेतल्या, तरी वाद पेटलाच; अकोल्याहून नागपूर आणि तिथून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला; तिथला निकाल १९२९ मध्ये आला. वाद मूर्तीच्या लेपाचाही होता: श्वेतांबरांच्या मते मूर्ती वाळू-शेणाची, म्हणून तिला लेप हवा. याच वादातून १९८१ पासून मंदिराला कुलूप लागलं. भाविकांनी इतकी वर्षं झरोक्यातून हात जोडले, हे फार क्लेशदायक होतं. सर्वोच्च न्यायालयाने लेपाला परवानगी दिल्यावर मार्च २०२३ मध्ये दार उघडलं.