आषाढातली वेल्डिंग शेड, पाचाड

सकाळी 7
शटर उघडलं. समोर रायगड असायला हवा, पण ढगात कडाच दिसत नाही. आधी ऐरण, व्हाइस आणि ड्रिलच्या टेबलावरून कोरडं फडकं. जड लोखंड रात्रभर गार पडतं आणि सकाळच्या दमट हवेतलं पाणी त्याच्यावर धरतं. डोळ्यांना दिसत नाही, फडक्याला कळतं. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर गेली की उघडं लोखंड झपाट्याने गंजतं, आणि आमच्याकडे आषाढात ती दिवसचे दिवस त्याच्या बरीच वर असते.

7.30
पत्र्याच्या कपाटात शंभरचा पिवळा बल्ब रात्रंदिवस चालू. आत वेल्डिंगचे रॉड, कानशी, ड्रिल बिट. रॉडचा लेप ओल धरतो, मग जोड फुसफुसतो आणि त्यात भोकं राहतात. एलईडी इथे उपयोगाचा नाही. आपल्याला उजेड नको, ऊब हवी आहे.

9
लावणीचे दिवस, त्यामुळे पहिलं गिऱ्हाईक कोयता घेऊनच येतं.
"तेल रोज लावतो काका, तरी बघा कसा झालाय."
"पुसून लावता का?"
"शेतातनं आल्यावर कोण पुसत बसतंय!"
सगळी गोम इथेच आहे. पाणी तेलापेक्षा जड, ते खाली पात्याला चिकटून बसतं आणि वर तेलाचं झाकण. आत गंज आरामात चालू. आधी पात्यावरचा चिखल धुवायचा, मग पुसायचं, चुलीजवळ जरा शेकायचं, तेल सगळ्यात शेवटी. गाडीतलं जळकं ऑईलही चालतं, पण नारळ फोडायच्या कोयत्याला नको, तिथे खोबरेल. स्प्रेचा डबा मागणारेही असतात. डब्ल्यूडी-40 हे 1953 साली अमेरिकेत पाणी हटवण्यासाठीच तयार झालं, आणि अ‍ॅटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून आधी वापरलं गेलं. ते पाणी हटवतं हे खरं. पण थर पातळ, पावसाळाभर टिकत नाही. त्याच्यावर ग्रीसचा हात फिरवावाच लागतो.

11
6 जूनच्या राज्याभिषेकाच्या गर्दीआधी घाईत केलेला स्टॉलचा सांगाडा परत आलाय. जोड सगळे नारिंगी, मधला पाइप अजून ठीक. वेल्डिंगवरची खपली न ठोकताच कुणीतरी रंग मारला होता. खपली सुटली, रंगही तिच्याबरोबर गेला. ठोकणं, वायर ब्रश, पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड, मग वरचा रंग. पाऊस थांबेपर्यंत रंगाला हात लावायचा नाही, गिऱ्हाईक कितीही फोन करो. चौकोनी पाइपाच्या तळाशी बारीक भोकही पाडलं. आत साचलेलं पाणी पाइप आतूनच खातं आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहतो.

जस्ताचा पाइप आला तर आणखी एक कटकट. वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं आणि गंज नेमका तिथेच सुरू होतो. त्या धुराने रात्री तापही चढतो, म्हणून काम दारात, वाऱ्याच्या बाजूला पाठ करून. वरून जस्ताचा रंग.

दुपारी 1
जेवण. लाइट गेलेली.

3
महाडहून फोन: शेडमध्ये पाणी शिरलं, मोटर भिजली. जुलै 2021 च्या पुरानंतर हेच काम आम्ही पुरेसं पाहिलं. चिखल वाळू द्यायचा नाही, हे पहिलं. वाळला की कोपऱ्यांत घट्ट बसतो, ओल धरून ठेवतो आणि त्याच्याखाली धातूला खड्डे पडतात. "चिखल ओला आहे तोवर गोड्या पाण्याने धुवा, मग खोला, वाळवा. चालू करून बघायची घाई करू नका," एवढं सांगितलं. मोटर उद्या इकडे येईल.

6
आवराआवर. घामाच्या हाताचा ठसा कानशीवर राहिला तर दोन दिवसांत बोटं उमटतात. मीठ आपलं, गंज तिचा. पोऱ्याला भुसा गोळा करायला लावला. भुशात हत्यारं कोरडी राहतात असं त्याला कुणीतरी सांगितलंय. भुसा ओल ओढून घेतो आणि लोखंडाला लावून धरतो. हत्यारं बल्बच्या कपाटात, भुसा बाहेर.