लेकरांच्या हाती दिलेला दिवस

आमच्या सेलूत 'सतरा तारीख' म्हटलं की सप्टेंबरच समजायचा. तीस वर्षं शाळेत शिकवलं. मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन अंगवळणी पडलेलं. म्हणून ओस्लोला राहणारी माझी भाची फोनवर म्हणाली, "मावशी, सतरा तारखेच्या आत ये," तेव्हा मी क्षणभर गोंधळलेच. तिची सतरा मे महिन्यातली होती, नॉर्वेच्या राष्ट्रीय दिवसाची. मी गेले आणि तो दिवस डोळ्यांनी पाहिला.

सकाळी सातलाच घरात दिवाळीसारखी गडबड. भाचीच्या आठ वर्षांच्या लेकीच्या छातीवर लाल-पांढऱ्या-निळ्या फितीचं फूल टाचलं, हातात कागदी झेंडा दिला. जिन्यात शेजारीण भेटली. तिनं जे शब्द उच्चारले त्यांचा अर्थ भाचीनं सांगितला : आजच्या दिवसाबद्दल अभिनंदन. तिकडे वाढदिवसालाही हेच म्हणतात. देशाचा वाढदिवस प्रत्येकानं स्वतःचा मानायचा, हे मला तिथेच कळलं.

गंमत म्हणजे हा त्यांचा स्वातंत्र्यदिन नव्हे. नॉर्वे शतकानुशतके डेन्मार्कच्या राजाखाली होता. नेपोलियनच्या युद्धात डेन्मार्क हरला आणि 1814च्या जानेवारीत नॉर्वे स्वीडनच्या हवाली करायचं ठरलं. नॉर्वेच्या लोकांना हे मान्य नव्हतं. आइड्सव्होल या गावी 112 प्रतिनिधी जमले आणि पाचेक आठवड्यांत त्यांनी आपली राज्यघटना लिहिली. तिच्यावर सह्या झाल्या त्या 17 मेला. त्याच वर्षी स्वीडनच्या राजाला मानावं लागलं, पण घटना त्यांनी सोडली नाही. स्वीडनपासून ते वेगळे झाले थेट 1905मध्ये. मधल्या काळात राजाला हा उत्सव खुपायचा. 1829मध्ये जमलेल्या लोकांवर सैनिक धाडले गेले. पुढे 1940 ते 1945 जर्मनांच्या ताब्यात असताना तर सतरा मे साजरा करायला बंदीच होती. बंदी उठली, आणि मे 1945मध्ये रस्ते पुन्हा झेंड्यांनी भरले.

या दिवसाचा मान असतो मुलांचा. 1870मध्ये ब्योर्नसन या लेखकाच्या पुढाकारानं राजधानीत मुलांची मिरवणूक निघाली. नॉर्वेचं राष्ट्रगीतही ब्योर्नसन यांचंच. तेव्हा फक्त मुलगे चालायचे, 1889पासून मुलीही आल्या. आजही गावोगावी हीच मुख्य मिरवणूक. रणगाडे नाहीत, तोफा नाहीत. प्रत्येक शाळेचा भरतकाम केलेला ध्वज पुढे, मागे शाळेचंच बँडपथक आणि त्यामागे पोरं. ओस्लोत शाळांमागून शाळा राजवाड्यासमोरून जातात, आणि सज्जात उभं राहून राजा-राणी त्यांना हात करतात. लेकरांनी सलामी द्यायची नाही. राजानंच तासन्‌तास उभं राहायचं.

मोठी माणसं दुतर्फा उभी. बायकांच्या अंगावर 'बुनाद', म्हणजे लोकरी पारंपरिक पोशाख. त्यावरचं भरतकाम आणि चांदीचे दागिने पाहून माणूस कुठल्या भागातला ते ओळखू येतं, जसं आपण इरकल आणि पैठणी ओळखतो. पोशाख महाग, पण पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. दुपारी सगळे शाळेच्या मैदानावर. आइस्क्रीम कितीही खा, आज कुणी रागावणार नाही. आणि खेळ कोणते? पोत्यात पाय घालून पळायचं! मला तर आमच्या शाळेचं स्नेहसंमेलनच आठवलं.

तिथे उभी असताना माझं मन मात्र सेलूत होतं. आपलीही सतरा तारीख अशीच कष्टानं मिळालेली. 15 ऑगस्ट 1947ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्याच राज्यात होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढा चालू होता, आणि गावोगाव निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र रझाकारांची दहशत. माझ्या आईचं माहेर दुधनाकाठच्या खेड्यात. तिच्या घरच्यांनी तांब्यापितळेची भांडी गोठ्यात पुरली आणि रातोरात बैलगाडीनं वऱ्हाड गाठलं. गाडीच्या चाकांना आवाज होऊ नये म्हणून गोणपाट बांधलं होतं, हे आई सांगायची तेव्हा तिचा आवाजही हळू व्हायचा. 13 सप्टेंबर 1948ला भारतीय फौजा राज्यात शिरल्या. औरंगाबाद, मग आपल्याच रेल्वेमार्गावरचं जालना त्यांनी घेतलं. 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आपल्या लोकांना स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा मिळालं.

इतक्या मोलाचा हा दिवस आपण कसा साजरा करतो? सकाळी झेंडावंदन, पाहुण्यांची भाषणं, मग सुट्टी. मुलं उन्हात किंवा पावसात रांगेत उभी राहतात आणि भाषणाचा शेवट कधी होतो याची वाट पाहतात. मीही त्यांना वर्षानुवर्षं तसंच उभं केलं. पूर्वीच्या परभणी जिल्ह्यातल्या वापटीचे बहिर्जी शिंदे या लढ्यात हुतात्मा झाले. निजामाच्या फौजेशी झुंजलेल्या दगडाबाई शेळके तर शेजारच्या जालन्याकडच्या. ही नावं किती मुलांना ठाऊक आहेत?

आपल्याकडे प्रभातफेरी आहेच. तिच्यात जीव तेवढा ओतायचा आहे. येत्या 17 सप्टेंबरला मुलांना गावातून फिरू द्या, लेझीम खेळू द्या, त्यांच्या हाती हुतात्म्यांची नावं लिहिलेले फलक द्या. मोठ्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवाव्यात, पुढाऱ्यांनीही. आणि फेरी संपली की प्रत्येक घरानं एक काम करावं. तो काळ पाहिलेली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याजवळ नातवंडांना बसवा आणि विचारू द्या : आजी, तेव्हा आपल्या गावात काय झालं होतं? माझी आई आता नाही. तुमच्या घरात कुणी असेल, तर पुढच्या वर्षाची वाट पाहू नका.