जुन्या विज्ञानकथांना उशिराचा कौल
जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सदस्य मतदानाने ‘ह्यूगो’ पुरस्कार देतात. हा पुरस्कार १९५३ पूर्वी नव्हता. १९५४ सालीही तो दिला गेला नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९६ मध्ये प्रथम ‘रेट्रो ह्यूगो’ देण्यात आले. रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ या कादंबरीला तो २००४ मध्ये, म्हणजे अर्धशतकानंतर मिळाला. मात्र अशा मतदानात कथेपेक्षा पुढे गाजलेले नावच जिंकते, असा आक्षेप घेतला जातो.

मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ पहिली आली, तेव्हा जयंत नारळीकरांनी ती नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली होती. कौल कथेलाच मिळाला. जुन्या मराठी विज्ञानकथांवर वाचकांचे मत घ्यायचे, तर त्या कर्जतजवळच्या कशेळ्यातील वाचकालाही आधी उपलब्ध व्हायला हव्यात.